तिघांचं उत्तर ३५, पण चूक तिघांची वेगळी: प्रत्येक पोराला त्याच्या हिशोबाने कसं शिकवायचं

पोळ्याच्या आधीचा आठवडा होता. मी नागपुरात मानेवाड्याला घरीच ट्यूशन घेते, दुसरी ते पाचवीची बारा पोरं, संध्याकाळी साडेपाच ते सात. त्या दिवशी तिसरीच्या तिघांना तोंडी गणित सांगितलं, बावन्न वजा सत्तावीस, वहीत करा आणि उत्तर पाटीवर मोठं लिहून वर धरा. तिन्ही पाट्या वर आल्या आणि तिन्हींवर ३५. यायला पाहिजे २५. माझ्या तोंडावर आलंच होतं की सगळे हातचा विसरलात, चला फळ्याकडे बघा, पण काय वाटलं काय माहीत, मी आधी वह्या मागितल्या.

पहिल्याने एककाच्या घरात सातातून दोन काढले होते, कारण त्याच्या मते दोनातून सात जातच नाहीत मग उलटं करायचं, आले पाच, मग दशकात पाचातून दोन गेले तीन, झाले ३५. दुसरीने हातचा अगदी बरोबर घेतला, बारातून सात गेले पाच, पण दशकातल्या पाचाचे चार करायचे राहून गेले, म्हणून तिथेही तीन, पुन्हा ३५. तिसरीची वजाबाकी तर एकदम बरोबर होती, फक्त तिने बावन्न ऐकून ६२ लिहिलं होतं आणि ६२ मधून २७ गेले तर ३५च राहतात.

म्हणजे मी फळ्यावर हातचा समजावून सांगितला असता तर पहिल्याला तो कळला नसता, दुसरीला तो येतच होता, आणि तिसरीला त्याची गरजच नव्हती. पंधरा मिनिटं तिघांचीही वाया. त्या दिवसापासून मी शिकवायची पद्धत बदलली आणि ती इथे पायरी पायरीने लिहीत आहे, घरी स्वतःच्या पोराला घेऊन बसणाऱ्या आईबाबांसाठी, ट्यूशनवाल्यांसाठी, आणि शाळेत चाळीस पोरं सांभाळणाऱ्या टीचर लोकांसाठीही.

पायरी १: आधी लेबल काढून ठेवा

एक आई माझ्याकडे पोराला घेऊन आली तेव्हा सोबत लॅमिनेट केलेला रिपोर्ट होता, बोटांचे ठसे घेऊन काढलेला. त्यात लिहिलं होतं की हा मुलगा व्हिज्युअल लर्नर आहे, याला बघून समजतं. बिचारीने पैसे भरून काढला होता तो. आणि पोरगा मला पहिल्याच दिवशी म्हणतो, "मॅडम, मी व्हिज्युअल आहे, मला वाचून नाही समजत." नऊ वर्षांचं पोर, वाचनाचा विषयच त्याने संपवून टाकला होता. मला फार वाईट वाटलं.

स्पष्ट लिहिते. बोटांच्या ठशांवरून पोराची बुद्धी कुठल्या प्रकारची आहे हे कळतं, याला शास्त्रीय आधार नाही. आणि ठसे सोडा, पोरं बघून शिकणारी, ऐकून शिकणारी आणि करून शिकणारी अशी तीन प्रकारची असतात आणि प्रत्येकाला त्याच्या प्रकाराने शिकवलं की जास्त येतं, ही गोष्ट टीचर ट्रेनिंगमध्येही सांगतात, पण २००८ मध्ये पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्योर्क या चार मानसशास्त्रज्ञांनी यावरचा सगळा अभ्यास चाळून बघितला तेव्हा असं शिकवल्याने फायदा होतो असं दाखवणारा भक्कम पुरावा त्यांना सापडला नाही. बहुविध बुद्धिमत्तेचा, म्हणजे माणसात अनेक प्रकारची बुद्धी असते हा विचार मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांनी १९८३ मध्ये मांडला, त्याचंही नाव यात ओढतात, पण गार्डनर यांनी स्वतःच सांगितलंय की त्या बुद्धिमत्ता म्हणजे शिकण्याच्या स्टाइल नाहीत.

पोरांच्या आवडी वेगळ्या असतात हे खरंच आहे, कोणाला चित्र काढायला आवडतं, कोणाला बडबड करायला. पण विदर्भाचा नकाशा शिकायचा तर सगळ्यांनी बघायलाच पाहिजे आणि कविता शिकायची तर सगळ्यांनी ऐकायलाच पाहिजे. बघायचं की ऐकायचं की हाताने करायचं हे त्या धड्यावर ठरतं. मग पोरापोरात फरक कशाचा असतो? मागचं किती पक्कं आहे, घरी कोणती भाषा बोलतात, डोक्यात एका वेळी किती मावतं, किती घाबरतं, आणि डोळे-कान ठीक आहेत का, याचा. हे सगळं बघता येतं आणि यातलं बरंचसं बदलताही येतं.

पायरी २: पहिला आठवडा फक्त बघा

नवीन पोर आलं की मी पहिला आठवडा नवीन काहीच शिकवत नाही. पालकांना आधीच सांगून ठेवते, नाहीतर तिसऱ्या दिवशी विचारतात की मॅडम वहीत काहीच का नाही. एक जाड रजिस्टर घ्या, प्रत्येक पोराला चार-पाच पानं द्या. बाकीची चित्र काढत असताना एकेकाला बाजूला घेऊन बसा, पाच-सात मिनिटं पुरतात.

काय तपासायचं यासाठी पोरांच्या शिक्षणावर काम करणाऱ्या "प्रथम" या संस्थेची "असर" चाचणी मला सगळ्यात सोपी वाटते, २००५ पासून त्यांचे लोक खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन हीच घेतात. वाचनात बघायचं की पोर अक्षर ओळखतं का, सोपा शब्द वाचतं का, चार ओळींचा परिच्छेद वाचतं का, छोटी गोष्ट वाचतं का. गणितात एक अंकी संख्या ओळखते का, दोन अंकी ओळखते का, हातच्याची वजाबाकी येते का, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता येतं का. जिथे आरामात जमतं ती त्याची आजची लेव्हल. पोर कितवीत आहे हे तेवढ्यापुरतं विसरून जा. प्रथमने पुढे शिकवणंही असंच केलं, इयत्तेप्रमाणे न बसवता लेव्हलप्रमाणे गट करून, आणि त्यांच्या कामावर अभ्यास करणाऱ्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांना मायकेल क्रेमर यांच्यासोबत २०१९ चा अर्थशास्त्राचा नोबेल मिळाला.

माझ्याकडे पाचवीतली एक मुलगी आली होती जी शब्द छान वाचायची पण परिच्छेदात दुसऱ्या ओळीवर गेली की पहिली ओळ विसरायची. तिला पाचवीचे धडे समजावून काय होणार होतं? दोन महिने तिला दुसरीच्या लेव्हलच्या गोष्टी दिल्या, वरची इयत्ता कव्हरखाली झाकून, कारण बाकीच्यांनी बघितलं असतं तर तिला लाज वाटली असती.

रजिस्टरमध्ये "कच्चा आहे", "लक्ष नाही" असलं काही लिहू नका, त्याचा पुढे उपयोग शून्य. जे दिसलं तेच लिहा. "सात आठे छप्पन सांगायला सात एके पासून सुरू करतो", "ध आणि घ मध्ये थांबते", "फळ्यावरून उतरवताना ओळ गाळतो". असं लिहिलं की उद्या काय करायचं ते आपोआप समजतं.

पायरी ३: पोराला बोलतं करा

उत्तर चुकलं की आपण लगेच बरोबर पद्धत सांगायला लागतो. थांबा. "हे कसं केलं, मला करून दाखव ना, बोलत बोलत" एवढंच म्हणा, आणि बरोबर उत्तरालाही अधूनमधून हेच विचारा, नाहीतर पोरांना कळतं की मॅडमने विचारलं म्हणजे चुकलं, मग ते लगेच खोडायला घेतात.

विचारल्यावर वाट बघा. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी वर्गांमधलं बोलणं रेकॉर्ड करून बघितलं तर टीचर प्रश्न विचारून साधारण एक सेकंदच थांबत होते, आणि तेच तीन सेकंद थांबले की पोरांची उत्तरं लांब यायला लागली आणि कधी न बोलणारी पोरंही बोलायला लागली. मी मनात एक संत्रं, दोन संत्री, तीन संत्री असं मोजते. ते तीन सेकंद फार मोठे वाटतात हो, सुरुवातीला जीभ चावून बसावं लागायचं.

पहिल्या पोराने, तोच उलटी वजाबाकी करणारा, मला काय सांगितलं माहितीये? "मॅडम, मोठ्यातूनच लहान जाते ना, तुम्हीच सांगितलं होतं." आणि मी खरंच सांगितलं होतं, दुसरीत असताना, एक अंकी वजाबाकी शिकवताना. त्याने नियम बरोबर पाळला होता, मीच नियम अर्धा दिला होता.

पायरी ४: अडलंय कुठे ते पाच ठिकाणी शोधा

पहिलं ठिकाण डोळे आणि कान. हे सगळ्यात आधी, कारण हे चुकलं तर बाकीची मेहनत पाण्यात. एका पोराला त्याच्या शाळेत "लक्ष नाही" म्हणून मागच्या बेंचवर बसवलं होतं आणि मीसुद्धा चार महिने तेच समजत होते, तो फळ्यावरून उतरवताना निम्मं गाळायचा. एक दिवस लाइट गेले आणि मी फळा सोडून त्याच्या शेजारी बसून वहीतच लिहून दिलं तर त्याने सगळं भराभर सोडवलं. मग डोळे तपासले आणि चष्मा लागला. ते चार महिने मला आजही सलतात. डोळे बारीक करणं, वही नाकाजवळ नेणं, संध्याकाळी डोकं दुखणं, हे दिसलं की आधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवा. कानासाठी पोराच्या पाठीमागे उभं राहून हळू आवाजात दोन-तीन शब्द म्हणा आणि त्याला परत म्हणायला लावा, नेहमी सर्दी असणाऱ्या पोरांचं तर नक्की करा. ही काही डॉक्टरी तपासणी नाही, पण शंका आली तर पुढे पाठवता येतं. बासष्ट लिहिणाऱ्या मुलीचं मी हेच आधी केलं, कान ठीक होते.

दुसरं, मागचा पाया. भागाकार येत नाही म्हणजे बहुतेक वेळा पाढे किंवा वजाबाकी येत नाही. एकेक पायरी खाली उतरत जा, जिथे पोर न अडखळता करतं तिथून वर यायचं.

तिसरं ठिकाण घरची भाषा, आणि यावर मी जरा जास्तच लिहिणार आहे, कारण आपल्या नागपुरात हे सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे असं माझं मत आहे. आपल्याकडची कितीतरी पोरं घरी वऱ्हाडी बोलतात, कितीतरी हिंदी, काहींच्या घरी छत्तीसगढी, गोंडी, तेलुगू. वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराच्या तोंडी "पाणी" नसतंच, "पानी" असतं, "डोळा" नसतो, "डोया" असतो. मग ते वहीत "पानी" लिहितं आणि आपण लाल पेनने गोल करतो. त्या पोराने जसं ऐकलं तसंच लिहिलंय, म्हणजे ऐकलेलं अक्षरात उतरवायची मुख्य गोष्ट त्याला येते! त्याला शुद्धलेखन येत नाही असं म्हणणं अन्याय आहे.

मी काय करते, वहीत दोन रकाने पाडते, एकावर "घरी" आणि एकावर "पुस्तकात". घरी डोया, पुस्तकात डोळा. घरी फय, पुस्तकात फळ. घरी मले, पुस्तकात मला. पोरं इतकी रमतात यात, घरून शब्द शोधून आणतात, आजीला विचारून येतात. आठ-दहा शब्द झाले की त्यांनाच पॅटर्न दिसतो की मॅडम, आपण य म्हणतो तिथे पुस्तकात बरेचदा ळ आहे. हे त्यांनी स्वतः शोधलेलं असतं म्हणून टिकतं. आणि एक कळकळीने सांगते, "असं गावठी बोलू नको" हे वाक्य पोरासमोर कधीच बोलू नका, कारण ते पोर मग बोलणंच बंद करतं, आणि जे बोलत नाही त्याचं अडलंय कुठे ते तुम्हाला कसं कळणार?

भाषेचाच दुसरा घोळ संख्यांच्या नावांचा. मराठीत बावन्न म्हणताना आधी दोन ऐकू येतात मग पन्नास, आणि लिहिताना आधी ५ मग २. एकोणपन्नासमध्ये पन्नास ऐकू येतं पण लिहायचे ४ आणि ९. पोराला हे सगळं डोक्यात उलटं करून लिहावं लागतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात बावन्नला "पन्नास दोन" असंही वाचायचं सुचवलं होतं, मंगला नारळीकर त्या गणित समितीच्या अध्यक्ष होत्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला, टीव्हीवर, विधानसभेत. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं की ज्यांनी दुसरीच्या पोराला सदुसष्ट आणि शहात्तरमध्ये रडताना पाहिलंय त्यांनी या सूचनेला नावं ठेवली नसती. त्यात सेमी इंग्लिशवाल्यांचा तिसराच घोळ, त्यांना "फिफ्टी टू" येतं पण बावन्न येत नाही. आमची तिसरी मुलगी अगदी हीच. मी तिला "फिफ्टी टू लिही" म्हटलं तर क्षणात ५२.

चौथं, डोक्यात एका वेळी किती मावतं. मोठ्या माणसालाही एका वेळी साधारण चारच नव्या गोष्टी डोक्यात धरता येतात, पोरांना त्याहून कमी. "वही काढ, तारीख टाक, पान ४२ वरचं तिसरं गणित उतरव आणि चौकोन आखून सोडव" असं म्हटलं की पोर वही काढून थांबतं, आणि आपल्याला वाटतं ऐकत नाही. एका वेळी एकच सांगा. शाब्दिक उदाहरण लांब असेल तर ओळीओळीने झाकून वाचायला द्या आणि बाजूला चित्र काढायला सांगा. यासाठी काही खर्च नाही आणि फरक त्याच दिवशी दिसतो.

पाचवं म्हणजे भीती. माझ्याकडे एक मुलगा होता जो खोडरबराने घासून घासून कागद फाडायचा. त्याला गणित येत होतं, पण वहीत चूक दिसलेली चालत नव्हती, घरी मार बसायचा. त्याला मी पेन दिलं आणि सांगितलं की चुकलं तर एकच आडवी रेघ मारायची, चूक वाचता आली पाहिजे, मला ती बघायची आहे. पहिले दोन दिवस हात थरथरत होता त्याचा. मग सुटला.

पायरी ५: एका वेळी एकच गोष्ट बदला

कारण सापडलं की उत्साहात सगळंच बदलू नका, नाहीतर कशाने जमलं ते कळणार नाही. त्या तिघांचं मी काय केलं ते सांगते.

पहिला, उलटी वजाबाकी करणारा. त्याला संख्या म्हणजे नुसते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवलेले वाटत होते, ५२ मध्ये पाच दहा आहेत हे आतून माहीतच नव्हतं. तान्हा पोळा, म्हणजे पोरांचा पोळा, जवळ आला होता म्हणून तेच घेतलं. लाकडी नंदी घेऊन घरोघरी फिरलास, बोजारा (पोरांना मिळणारे पैसे) जमला ५२ रुपये, हे घे दहाच्या पाच नोटा आणि एकचे दोन कॉइन. आता मला २७ रुपये दे. त्याने दोन नोटा दिल्या, मग हातातल्या दोन कॉइनकडे बघत बसला. मी गप्प. संत्री मोजून झाली, पुन्हा मोजून झाली. मग म्हणाला, "मॅडम, चिल्लर नाही ना माझ्याजवळ. ही नोट तोडून द्या." तोडून दिली, दहा कॉइन दिले, त्याने सात मला दिले आणि उरलेले मोजले, पंचवीस. मी विचारलं की सातातून दोन का नाही काढले, तर माझ्याकडे असा बघत राहिला की हा काय प्रश्न आहे, देणार तर मी आहे.

पण नोटांवर थांबायचं नाही, इथेच बरेच जण चुकतात. चार दिवस नोटा, मग चार दिवस कागदावर नोटांचं चित्र, म्हणजे दहासाठी काडी आणि एकसाठी ठिपका, आणि मग नुसते आकडे. आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह, हा क्रम मानसशास्त्रज्ञ जेरोम ब्रूनर यांनी १९६० च्या दशकात मांडला, आणि हाताने काम करत शिकायचं म्हणाल तर आपल्या शेजारी वर्ध्याला १९३७ मध्ये गांधीजींनी नई तालीमची परिषद घेतली तीही याच विचाराची. हा क्रम सगळ्याच पोरांना लागतो, फक्त कोणी नोटांवर दोन दिवस राहतं आणि कोणी तीन आठवडे. पोराच्या हिशोबाने शिकवणं म्हणजे बहुतेक वेळा हेच, वस्तूवर किती दिवस थांबायचं ते त्या पोरावर सोडणं.

दुसरीला नोटा दिल्या असत्या तर तिचा वेळ गेला असता, तिला समजत होतं, फक्त मधली एक कृती सुटत होती. तिला चौकडीची वही दिली आणि एकच सवय लावली, हातचा घेतला की वजा करायच्या आधी ५ वर काट मारून वर ४ लिहायचा आणि "चार" असं तोंडाने म्हणायचं. रोज फक्त पाच गणितं. आठवड्याभरात सुटणं बंद झालं.

तिसरीला वजाबाकी दिलीच नाही. रोज दहा मिनिटं मी संख्या बोलायची, तिने लिहायची. आधी "पन्नास दोन" आणि लगेच "बावन्न", मग काही दिवसांनी नुसतं "बावन्न". एका बाजूला सगळे एकोणवाले वेगळे काढले, एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस, आणि शेवटी नव्याण्णव एकटं का वेगळं आहे यावर तिने माझ्याशी चांगलंच भांडण केलं.

पायरी ६: बारा पोरं आणि आपण एकटे

हा प्रश्न सगळे विचारतात, एकेकाला एवढा वेळ कुठून देणार? मीही नाही देऊ शकत. दीड तासातली पहिली पंधरा मिनिटं सगळे एकत्र, गोष्ट किंवा तोंडी कोडं. मग चाळीस मिनिटं लेव्हलप्रमाणे तीन गट, त्यातला एक गट माझ्यासमोर आणि दोन गट आधी शिकवलेल्याचा सराव करतात, रोज समोरचा गट बदलतो. मग वीस मिनिटं शाळेचा होमवर्क, तो टाळता येतच नाही. शेवटची पंधरा मिनिटं डब्यातल्या चिठ्ठ्या, त्या पुढच्या पायरीत.

गट दर तीन आठवड्यांनी मोडायचे. वाचनाचा गट वेगळा, गणिताचा वेगळा, म्हणजे कोणीच सगळीकडे शेवटच्या गटात राहत नाही. आणि हुशार पोराला कायम दुसऱ्याला शिकवायला बसवू नका, त्याचंही शिकायचं वय आहे.

कामही वेगवेगळं आखायची गरज नाही, एकाच कामाची खोली बदला. मानेवाडा चौकातल्या दुकानांच्या पाट्या वाचून या असं सांगितलं की एक पोर अक्षरं शोधतं, दुसरं जोडाक्षरं शोधून लिहून आणतं, तिसरं पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढतं. सांगायला सगळ्यांकडे काहीतरी असतं.

पायरी ७: चिठ्ठ्यांचा डबा

आज आलेलं पंधरा दिवसांनी जातं, हे सगळ्यांचंच होतं. १८८५ मध्ये हर्मान एबिंगहाऊस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा हा आलेख काढला होता. आणि २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवायचा प्रयत्न केला तर काही दिवसांनी जास्त लक्षात राहतं.

माझ्याकडे प्रत्येकाचा सोनपापडीचा रिकामा डबा आहे, आत कप्पे केलेला. जे शिकलं त्याचा एक प्रश्न चिठ्ठीवर, मागे तारीख. दुसऱ्या दिवशी काढायची, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने, मग तीन आठवड्यांनी. जमलं तर पुढच्या कप्प्यात, नाही जमलं तर पुन्हा पहिल्या. इथे प्रत्येकाचा वेग आपोआप वेगळा होतो, कोणाची चिठ्ठी चार वेळात बाहेर पडते, कोणाची नऊ वेळा फिरते, आणि ओरडायचं काही कारणच उरत नाही.

पायरी ८: बाहेरची मदत कधी घ्यायची

डोळे-कान ठीक, पोर नीट येतंय, पाच-सहा महिने लेव्हलप्रमाणे मेहनत घेतली, तरी आठ-नऊ वर्षांच्या पोराला साधे शब्द जड जात असतील, अक्षरं उलटसुलट होत असतील, तोंडी सगळं येऊन लिहिताना काहीच उतरत नसेल, तर तज्ज्ञाकडे तपासून घ्या. स्वतः "डिस्लेक्सिया आहे" असं ठरवू नका आणि कोणाला सांगूही नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या २१ प्रकारांची यादी आहे त्यात अध्ययन अक्षमताही, म्हणजे डिस्लेक्सियासारखी वाचण्या-लिहिण्यातली अडचणही आहे, आणि प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रमाणपत्र सरकारमान्य ठिकाणचंच लागतं, त्यामुळे आधी शाळेत विचारा आणि दहावीपर्यंत थांबू नका. घरचे "लोक काय म्हणतील" म्हणून टाळतात, त्यांना कायद्याचं नाव सांगण्यापेक्षा पोराला रोज किती त्रास होतो ते सांगा, तेवढं लवकर समजतं.

पायरी ९: घरच्यांशी बोलणं

"बाकीचे पोट्टे करून राहिले, यालेच काऊन नाही येत मॅडम?" हे वाक्य महिन्यातून एकदा तरी ऐकते. रागावू नका, ती काळजी आहे. रजिस्टरचं पान उघडा आणि पहिल्या आठवड्याची नोंद आणि आजची नोंद शेजारी दाखवा. "जूनमध्ये शब्दावर होती, आता परिच्छेदावर आहे." शेजारच्या पोराशी तुलना करायची सवय असलेले पालकही हे पान बघून शांत होतात, कारण त्यांना दाखवणारं आजवर कोणी नसतं. आणि घरी करायला एकच काम द्या, दहा मिनिटांचं. डब्यातल्या तीन चिठ्ठ्या, बस.

आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दलही लिहायला पाहिजे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे मे आणि जवळजवळ सगळा जून हातात असतो. मागची लेव्हल भरून काढायला यापेक्षा चांगला वेळ नाही, पण सकाळी सात ते साडेआठ, बस्स. पारा ४५ च्या वर गेलेला असताना दुपारी पोराला गणिताला बसवून "लक्ष देत नाही" म्हणणं बरोबर नाही, तेव्हा गोष्ट वाचून दाखवा, कूलरसमोर झोपू द्या.

तिसरी मुलगी, बासष्टवाली, तिची बावन्नची चिठ्ठी तीन आठवड्यांनी पुन्हा निघाली. तिने ५२ लिहिलं, वजाबाकी केली, २५ लिहून पाटी वर धरली आणि खाली ठेवायच्या आधीच विचारलं, "मॅडम, एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक कमी ना? मग माझी आजी म्हणते मी वीसला एक कमी होती तवा लग्न झालं, म्हणजे एकोणीस!" मी रजिस्टर उघडून तारीख टाकली आणि तिच्या पानावर तिचं वाक्य जसंच्या तसं लिहून ठेवलं.